सात पिढ्या न धुतलेला पटका

शके सोळाशे नव्वद. वैशाख वद्य पंचमी. ऊन असं की कावळेसुद्धा भिंतीच्या सावलीने चालत होते. एकदा कधीतरी काय झालं, असलं मोघम काही नाही. त्या दिवशी सकाळी सोनवड नगरात हैबती दवंडीवाल्याने चौकात डफ वाजवला, आणि त्याचं कुणी ऐकलं नाही.

हैबती सोळा वर्षांचा. बापाचा आवाज बसला म्हणून डफ त्याच्या गळ्यात आला. त्याचा आवाज खणखणीत. या वेशीला बोलला तर त्या वेशीला ऐकू जाई. घराण्यात सात पिढ्यांची दवंडी होती, आणि सात पिढ्यांचा एक रिवाज होता. निघताना टाळूवर वाटीभर तेल थापायचं, आवाज मोकळा व्हावा म्हणून. त्यावर मूळपुरुषाचा पटका घट्ट आवळायचा. आणि तो पटका कधी धुवायचा नाही. धुतला तर घराण्याची पत वाहून जाते म्हणे. पटक्याचा रंग कोणता, हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

सोनवडच्या लोकांचंही एक खूळ होतं, बरं का. ते म्हणायचे, माणूस खोटं बोलला की तोंडावर पुळी येते. एक थाप, एक पुळी.

आता हैबतीच्या कपाळावर होत्या अकरा. दोन्ही गालांवर नऊ-नऊ. आणि नाकाच्या शेंड्यावर एक, बोराएवढी.

हैबती ओरडला, "ऐका हो ऐका. तळ्याच्या उत्तर घाटाला म्हैस मरून पडली आहे. तिथलं पाणी कुणी पिऊ नका."

घागर घेतलेली एक बाई थांबली. तिने त्याचं तोंड निरखून पाहिलं. म्हणाली, "तीस मोजल्या. ही एकतिसावी थाप." आणि उत्तर घाटावरून घागर भरून घेऊन गेली. मग तिच्यामागून दुसरी गेली. मग सगळं गाव गेलं.

संध्याकाळपर्यंत अख्खं सोनवड पोट धरून बसलं. राजासुद्धा. राजवाड्यात पाणी उत्तर घाटाचंच यायचं.

राजाने हैबतीला बोलावलं. राजा लोडाला टेकून पांढराफटक पडला होता.

"तू सांगितलं होतंस ना?"

"सांगितलं होतं, महाराज."

"मग ऐकलं का नाही कुणी?"

"माझं तोंड बघून, महाराज."

राजाने बघितलं. म्हणाला, "ज्याचं खरंसुद्धा कुणी ऐकत नाही, त्या दवंडीवाल्याचं काय लोणचं घालू? नागपंचमीपर्यंत तोंड साफ कर. नाही झालं तर डफ दुसऱ्याच्या गळ्यात." आणखी काही बोलणार होता, पण पोटात कळ आली आणि तो घाईने आत गेला.

हैबती घरी आला. पाण्याच्या परातीत वाकून पाहिलं. मग त्याने तेच केलं जे त्या वयाचा प्रत्येक गाढव करतो. नाकावरची पुळी दोन नखांत धरली आणि दाबली.

पुळी बोलली. बोलली म्हणजे बोलली. मध्ये विचारायचं नाही.

पुळी म्हणाली, "एक दाबशील, दोन येतील."

दुसऱ्या दिवशी नाकावर तीन होत्या.

मग हैबती न्हाव्याकडे गेला. न्हावी म्हणाला, "सोपं आहे. लिंबू काप, मीठ लाव, चोळ." हैबतीने चोळलं. डोळ्यांतून पाणी आलं, तोंडाची आग आग झाली. तो रात्रभर ओला पंचा तोंडावर घेऊन पडला. सकाळी तोंड लालभडक, आणि पुळ्या होत्या तिथे.

पुळी म्हणाली, "मीठ जरा जास्त झालं."

मग तो शेजारच्या मथूबाईकडे गेला. ती म्हणाली, "तोंड तेलकट आहे तुझं. तेल काढ. टाचेची वजरी घे, राख घे, दिवसातून सात वेळा घास." वजरी म्हणजे टाच घासायचा खरखरीत दगड. तो टाचेसाठी असतो. हैबतीने तो तोंडाला लावला, सात दिवस, सात-सात वेळा. कातडी सोलली, सुजली, हसला की तडकायची. आणि दुपार झाली की त्याच सोललेल्या कपाळावर पुन्हा तेल.

पुळी म्हणाली, "टाच मात्र राहिली बघ घासायची."

मग तिसरा उपाय म्हणून तो तमासगिराकडे गेला आणि तोंडाला फासायचा सफेदा मागून आणला. बोटभर जाड थापला. वर तेल, वर पटका. चौकात उभा राहून डफावर थाप मारली. ज्येष्ठाचं ऊन. दवंडीचं पहिलं वाक्य संपायच्या आत कपाळावरून तेल उतरलं, तेलाबरोबर सफेदा उतरला, आणि पांढऱ्या धारा मिशीवरून डफावर टपटपल्या. पोरंटोरं हसली. म्हातारे हसले. एक म्हशीवाला म्हणाला, "पोरींनो, दूध उतू चाललं, चूल विझवा."

हैबती डफ काखेत मारून पळाला तो गावाबाहेरच्या विहिरीवर. तिथे बसून पुन्हा नखं तोंडाला. सांगून उपयोग नाही असल्यांना.

विहिरीवर जैनब चाची नावाची पखालीण पाणी भरत होती. पखाल म्हणजे पाण्याची मोठी कातडी पिशवी. चाचीचा एक हल्या होता, म्हणजे रेडा. त्याच्या पाठीवर पखाल लादून ती घरोघर पाणी घालायची, आणि हे काम ती चाळीस वर्षं करत होती. तिने हैबतीचा हात मनगटाला धरून खाली घेतला.

"हात खाली ठेव. तुझंच तोंड आहे, शत्रूचं नाही."

"चाची, तीन उपाय केले."

"दिसतंय. आणखी एक केलास तर तोंडच राहायचं नाही." तिने बोटाच्या पाठीने त्याचा गाल चाचपला. "अरे, ही कातडी आहे. कातडी मला कळते. पखालीला तेल अजिबात नाही दिलं तर ती तडकते. फार दिलं तर लिबलिबते आणि सगळी धूळ धरून बसते. आणि दगडाने घासली तर फाटते, हे तर हल्यालाही ठाऊक आहे."

"मग हे तेल येतं कुठून?"

"आतून. वयाचं आहे ते. वय कुणी घासून काढलंय?" मग तिने पटक्याकडे पाहिलं. नाक आक्रसलं. "हे मात्र वयाचं नाही."

"हा घराण्याचा पटका आहे, चाची."

"घराण्याचाच वास येतोय. सगळ्यांचा. अकरा पुळ्या कुठे आहेत? जिथे हा टेकतो तिथे. आधी हा धू. रोज धू. टाळूवरचं तेल बंद. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, मसुरीचं पीठ पाण्यात कालवून हलक्या हाताने तोंड धू. दोनदा म्हणजे दोनदा. आणि नखं लावायची नाहीत."

"किती दिवस?"

"साठ."

"साठ?"

"पखालीचं कातडं कमावून ती शिवायला तीन महिने लागतात. तुला तोंड आठवड्यात पाहिजे?"

हैबतीने बोटं मोजली. नागपंचमीला साठच दिवस उरले होते.

"तुझं काय देणं लागेन, चाची?"

"एक दवंडी. वाक्य माझं, तोंड तुझं. वाक्य नंतर सांगीन."

हैबती तिच्या घरापर्यंत हल्या हाकायला गेला. दार अर्धं उघडं होतं. हैबती दिसताच कुणीतरी ते आतून ओढून घेतलं.

"आत कोण?"

"मैमुना. माझी नात. तुझ्याच वयाची."

"बाहेर येत नाही?"

चाची म्हणाली, "तुझ्याच गावात राहते ना."

मग हैबती घरी गेला आणि परातीत पटका भिजवायला घेतला. बाप दारात आला. बापाला तो आबा म्हणायचा. आबांचा आवाज बसलेला, नुसती फुसफूस.

"धुतलास तर पत जाईल."

"एका धुण्यात जाणारी पत असेल, आबा, तर ती तेलावरच टिकली होती."

आबा दारातून हलले नाहीत.

पहिलं पाणी काळंभोर निघालं. दुसरं पाणी घातलं, आणि परातीतून आवाज आला, "कोण धुतंय?" तो आज्याचा आवाज होता. तिसऱ्या पाण्यातून पणजा खाकरला. म्हणाला, "इतकी वर्षं लागली होय?" चौथ्या, पाचव्या, सहाव्या पाण्यातून आणखी तिघे बोलले. मेलेली माणसं, पण कुरकुर तीच. आणि सातव्या पाण्यातून खुद्द मूळपुरुष बोलला, "अरे, पटका न धुण्याचा रिवाज काढला कुणी? मी एकदा प्रवासात होतो. आठ दिवस पाणी मिळालं नाही, म्हणून धुतला नव्हता. एवढंच."

पहिल्या पाण्यातून मात्र कुणी बोललं नव्हतं. कारण तो मळ आबांचा होता, आणि आबा दारात उभे होते.

आबा हळूच खाली बसले. फुसफुसले, "सोळाव्या वर्षी माझ्याही होत्या. कपाळभर."

"मग सांगितलं का नाही?"

"पटक्याखाली झाकायचो."

पटका दोरीवर वाळला. हिरवागार होता.

बरं का, आता इथे गोष्टीत काही घडत नाही. साठ दिवस काही न करणं, हेच सगळ्यात अवघड. चौथ्या दिवशी नव्या तीन पुळ्या आल्या. हैबती धावत चाचीकडे गेला. चाची म्हणाली, "येऊ दे." दहाव्या दिवशी तो पुन्हा गेला. चाची म्हणाली, "तू मला का विचारतोस, मी पुळी आहे का?" विसाव्या दिवशी तो हात पाठीमागे बांधून बसला होता आणि तोंडाला मुंग्या आल्यासारखं होत होतं. मग चाचीने त्याच्या हातात हल्याचं दावं दिलं. "घे. हाताला काम नाही म्हणून ते तोंडाला जातात." मग हैबती रोज सकाळी हल्या हाकू लागला. पटका रोज धुवायचा. तोंड दोनदा. तिसऱ्यांदा हात गेला की स्वतःच स्वतःला शिव्या द्यायचा.

नाकावरची पुळी कंटाळली. "काय रे, आज परातीत बघणार नाहीस?"

हैबतीने हल्याचं दावं ओढलं.

"एकदा दाबून तरी बघ. पिकले आहे मी."

हैबती हल्याला म्हणाला, "चल."

चाळिसाव्या दिवशी पुळी म्हणाली, "ज्या घरात कुणी विचारत नाही तिथे राहावं कशाला." आणि गेली. जाताना एक लाल डाग ठेवून गेली, रागाने. तो डाग पुढे दिवाळीपर्यंत होता.

मग आली नागपंचमी. चौक भरला. राजा आला. त्याने हैबतीला उजेडात उभं केलं आणि मोजलं.

"दोन आहेत. हनुवटीवर एक, कानापाशी एक."

"आहेत, महाराज."

"दोन चालतील. दोन थापा तर मी न्याहारीच्या आधी मारतो." लोक हसले. "दे दवंडी."

हैबतीने डफ वाजवला. "ऐका हो ऐका. आज नागपंचमी. कुणी जमीन खणू नका, नांगर धरू नका." आणि लोकांनी माना डोलावल्या. एक जण कुदळ घेऊन निघाला होता, तो परत फिरला. आबा कट्ट्यावर बसले होते, त्यांनी डोळे पुसले. डफ घरात राहिला.

तेवढ्यात चाची गर्दीतून आली. तिने हैबतीच्या कानात तिचं वाक्य सांगितलं. सांगून बाजूला झाली.

हैबतीला ते ओढून घेतलेलं दार आठवलं. दीड वर्षापूर्वी पाणवठ्यावरून कुणाची तरी घागर गेली होती. मैमुना म्हणाली, मी घेतली नाही. तिच्या गालावर पुळ्या होत्या, म्हणून कुणी तिचं मानलं नाही. तेव्हापासून ती त्या दारामागे होती. हैबतीनेच तर तेव्हा आबांच्या शेजारी उभं राहून तिचं नाव ऐकलं होतं, आबांच्याच दवंडीत, खोटारडी म्हणून.

हनुवटीवरची पुळी कुजबुजली, "नको देऊ. तुझं भागलंय. आत्ता कुठे ऐकायला लागलेत. पटक्याचं सांगशील तर घराणं हसं होईल."

हैबतीचा हात हनुवटीकडे निघाला. अर्ध्या वाटेत थांबला. तसाच खाली आला आणि डफावर पडला.

आता डोळे मिटा. शेवटचं मिटल्या डोळ्यांनी ऐका. आणि ज्याचा हात गालावर आहे त्याने तो पांघरुणात घ्यावा.

"ऐका हो ऐका. पुळी वयाने येते, खोट्याने येत नाही. माझ्या तोंडावर तीस होत्या, माझ्या घराण्याचा पटका सात पिढ्यांचा मळका होता, आणि तरी घाटाचं पाणी नासलं होतं ते खरंच होतं. मैमुना खरं बोलली होती. तिला खोटं ठरवणारी दवंडी आमच्या घरातून गेली. ती मी परत घेतो."

आबांनी मान खाली घातली, मग वर केली. राजा उठून उभा राहिला. घागरवाली बाई सगळ्यांत पुढे होती, तिने वाट सोडली, कारण मागून चाचीची नात चालत येत होती. गालावरच्या पुळ्या तशाच. पदर तोंडावर नाही.

मग चाचीला आणि मैमुनाला त्या गावात सुखाने राहता आलं.

चाचीने हैबतीकडे पाहिलं आणि हल्याचं दावं हातात घेतलं.

देणं फिटलं.