कोंडाक्काचं सूत

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका, कारण चिलारमाळावर दोन म्हातारे एका पारावर बसले की वर्षांवरूनच त्यांचं भांडण जुंपतं. माणदेशातल्या उघड्याबोडक्या टेकाडावर हे गाव आहे. मेंढरं भरपूर, पाणी बेताचं आणि घरटी घोंगडी विणायचा एक माग. त्या गावात कोंडाक्का राहत होती.

कोंडाक्काचा नवरा गेला आणि ती स्वतःच मागावर बसली. बायांनी सूत कातायचं आणि पुरुषांनी विणायचं, अशी तेव्हाची रीत. चार जणांनी नाकं मुरडली. कोंडाक्का म्हणाली, "घोंगड्याला कळतंय व्हय, बाईनं इणलं का बाप्यानं?" तिची जीभ ही अशी होती. ती बोलायला लागली की मेंढरं चरायची थांबत, असं म्हणतात. आणि हात कधी रिकामा नसे. पाण्याला जाताना, बाजाराला जाताना, अगदी भांडतानासुद्धा तिच्या हातात सूत कातायची टकळी गरगरत असायची.

माग असायचा जमिनीलगत. त्याच्यापुढं कमरेइतका खड्डा खणायचा आणि विणणाऱ्यानं त्यात पाय सोडून बसायचं. या खड्ड्याबद्दल गावाची एक समजूत होती. हट्टाला पेटलेलं पोर असो की माहेरच्या आठवणीनं रडणारी नवी सून, घटकाभर खड्ड्यात बसवत. पायांना मातीचा गारवा लागला की जीव थाऱ्यावर येतो, असं सगळे मानत. बऱ्याचदा तो येतही असे.

मग एका वर्षी पाऊस फिरकलाच नाही. गावची विहीर आटली, म्हणून ती आणखी खोल खणायचं ठरलं. चार गडी उतरले. त्यांत येदू होता आणि त्याचा धाकटा भाऊ दगडूही होता. तिसऱ्या दिवशी भरदुपारी विहिरीची एक बाजू खाली आली. सगळं गाव हातांनी माती उपसत राहिलं. दुसऱ्या दिवशी दुपार कलताना येदू जिवंत निघाला. बाकीचे तिघं निघाले, पण जिवंत नाहीत.

येदूच्या आईनं, ठकूबाईनं, एका लेकाला अग्नी दिलेला पाहिला आणि दुसऱ्याच्या तोंडाला पेजेची वाटी धरली. येदूनं पेज घेतली, उठला आणि चालायला लागला. तो थांबेचना.

छपराखाली तो जाईना. बसवला तर उठे. गावाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला, तिथून माळावर, माळावरून विहिरीच्या वाटेनं जुन्या बाभळीपर्यंत आणि बाभळीपासून परत. पायांना भेगा पडल्या, भेगांतून रक्त आलं, तरी फेऱ्या चालूच. मागून कुणी खाकरलं तरी दचकायचा. गाव काही वाईट नव्हतं, पण गावाला राहवत नव्हतं. जो भेटेल तो वाट अडवून म्हणे, "येदू, काय झालं ते एकदा सांग की. बोललास म्हंजी मोकळा व्हशील." परगावचा पाहुणा आला तरी त्याला येदू दाखवायला आणत. येदू तोंड उघडे, मिटे आणि चालायला लागे.

ठकूबाईला एकच भीती होती. बाभळीच्या पुढं शंभर पावलांवर ती विहीर होती. रोज तो बाभळीपासून मागं फिरत होता. एखाद्या दिवशी फिरला नाही तर?

ती कोंडाक्काकडं आली. कोंडाक्कानं सगळं ऐकून घेतलं आणि नेहमीच्या ठसक्यात म्हणाली, "माज्याकडं आणा त्याला. घटकाभर खड्ड्यात बसवते. बघा कसा गार हुतोय."

तिला वाटलं, आपण सांगतोय ते बरोबरच. इतकी वर्षं बरोबरच ठरत आलं होतं ना!

चार गड्यांनी येदूला दंडाला धरून आणलं आणि मागाच्या खड्ड्यात उतरवलं. कडेची माती कोरडी झाली होती. त्यातली मूठभर सुटली आणि त्याच्या पावलावर पडली. एवढीशी माती! पण येदू असा ओरडला की पलीकडच्या वाडीत जात्यावर बसलेल्या बायांचे हात थांबले, असं म्हणतात. त्यानं चार गडी झुगारले, मागावरचा ताणा तोडला आणि दारातून बाहेर पळाला.

तुटलेल्या धाग्यांकडं कोंडाक्का बघतच राहिली. मग तिच्या ध्यानात आलं. "अगं बया," ती म्हणाली, "म्या त्याला पुन्यांदा गाडला." आणि तीही त्याच्यामागं धावली. हातातली टकळी खाली ठेवायचं भानच तिला राहिलं नाही.

माळावर येदूनं तिला पाहिलं आणि दगड उचलला. "माज्या मागं येऊ नगंस!"

"मागं न्हाई येत," ती धापा टाकत म्हणाली आणि खरंच मागून बाजूला झाली. पुढं जावं तर वाट अडवल्यासारखं होणार. म्हणून ती त्याच्या बाजूनं चालू लागली, चार हात अंतर ठेवून. हातातली टकळी दिसली तशी तिनं सवयीनं फिरवली आणि मनगटाला गुंडाळलेल्या लोकरीतून सूत सुटायला लागलं. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "कुठवर?"

"ठावं न्हाई."

"बरं. तितवर येते."

त्या दिवशी एवढंच बोलणं झालं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा त्याच्या बाजूला हजर. "कुठवर?" "ठावं न्हाई." "बरं." तिसऱ्या दिवशीही तसंच. पायांना फोड आले, मागावर धूळ बसली. पण कोंडाक्काला पायांचं काहीच वाटलं नाही. तिला जड गेलं ते गप्प बसणं. जी बाई देवळातल्या घंटेशीही भांडली असती, ती दिवसच्या दिवस जीभ दातांखाली धरून चालली. शब्द ओठांवर आला की ती टकळीला जोरात पीळ द्यायची. गिळलेले शब्द त्या सुतात गेले, असं म्हणतात.

मग लोकर संपली. एका सकाळी ठकूबाईनं लोकरीचा पुंजका उंबऱ्यावर ठेवला. कोंडाक्कानं तो चालता चालता उचलला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या उंबऱ्यावर पुंजका दिसला आणि होता होता वाटेवरच्या साऱ्या उंबऱ्यांवर दिसू लागला. गावाला आता येदूला काही विचारायचं नव्हतं, त्याच्या वाटेवर लोकर ठेवायची होती. माळावरची मेंढरं तर आपणहून काट्यांना अंग घासत आणि तिच्यासाठी लोकर मागं ठेवून जात, असं म्हणतात. मेंढरांना एवढी अक्कल असते का, ते मेंढपाळांना विचारा.

असे आठ महिने गेले. कुणी म्हणतं नऊ. येदूनं दगड उचलणं केव्हाच सोडलं होतं. फेरीला निघण्याआधी तो कोंडाक्काच्या दारासमोर घुटमळायचा आणि ती भाकरीचा शेवटचा तुकडा तोंडात टाकून बाहेर यायची. पण थांबणं मात्र नव्हतं.

आणि एका दुपारी बाभूळ आली तरी येदू मागं फिरला नाही.

कोंडाक्कानं विहिरीकडं पाहिलं. शंभर पावलं. त्याचा हात धरावा असं तिला वाटलं. ओरडून गाव गोळा करावं असंही वाटलं. पण चार गड्यांनी त्याचे दंड धरले होते, तेव्हाचं त्याचं तोंड तिला आठवलं. तिनं हात आवरला आणि चालत राहिली. फक्त चार हातांचं अंतर दोन हातांवर आणलं. टकळी इतकी थरथरत होती की त्या ठिकाणचं सूत आजही गाठीगाठीचं दिसतं.

विहिरीच्या काठावर येदू उभा राहिला. आतली ढासळलेली बाजू तशीच होती.

"अक्का," तो म्हणाला, "दगडू हाका मारत हुता. आतून. म्या वरडलो, आलो रं, आलो. पर म्या गेलो न्हाई. मला हलताच येत न्हवतं, अक्का. मग त्याच्या हाका बंद झाल्या."

तुझा काय दोष, असं ती म्हणाली असती तर कुणी नावं ठेवली नसती. देवाची मर्जी, असंही म्हणता आलं असतं. जिभेवर दोन्ही आलं होतं. तिनं दोन्ही गिळलं.

"म्या ऐकतीय," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "येदू, तुला खड्ड्यात बसवला त्ये म्या. चुकलं माजं."

येदूनं तिच्याकडं पाहिलं. त्याला माणसांनी आजवर पुष्कळ काही विचारलं होतं, पुष्कळ काही सांगितलं होतं. चुकलं असं कुणी म्हणालं नव्हतं. तो मटकन खाली बसला. विहीर खचली त्या दुपारनंतर पहिल्यांदाच आपणहून बसला! कोंडाक्काही शेजारी बसली. मग तो बोलत राहिला, रडत राहिला, अडला की ती थांबत होती आणि पुन्हा बोलला की ऐकत होती. बोलता बोलता तो तिथंच आडवा झाला आणि झोपला. ऊन रणरणत होतं. तेव्हा शंभर पावलांवरच्या बाभळीची सावली सरकत सरकत आली आणि येदूच्या अंगावर थांबली, तो जागा होईपर्यंत हलली नाही, असं म्हणतात.

दुसऱ्या दिवशी येदू ठणठणीत झाला, असं सांगायला मलाही आवडलं असतं. तसं झालं नाही. तो दुसऱ्या दिवशीही चालला. पण बाभळीच्या अलीकडूनच परतला आणि आईजवळ बसून जेवला. छपराखाली झोपायला त्याला आणखी दोन वर्षं लागली आणि जन्मभर त्यानं दार उघडं ठेवलं.

कोंडाक्कानं मागाचा खड्डा बुजवला. चालताना कातलेल्या त्या सुताला चिंचोक्याची खळ लावून तिनं अंगणात, चार खुंटांवर, जमिनीच्या वर ताणा मांडला आणि विणलं. येदू धावला तिथं सूत बारीक आलं होतं, रेंगाळला तिथं जाड. घोंगडं वेडंवाकडं झालं. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे. चालल्यावानी दिसतंय."

पुढं कुणावर असा प्रसंग आला की कोंडाक्का नाहीतर येदू त्याच्या बाजूनं चालायला जाई. खूप म्हातारी झाल्यावर एके दिवशी कोंडाक्काला माळावर एक अनोळखी बाई उन्हात येरझारा घालताना दिसली. कोंडाक्कानं काठी टाकली, टकळी घेतली आणि तिच्या बाजूला गेली. "कुठवर?" विचारलेलं लोकांनी ऐकलं. मग दोघी टेकाडापलीकडं गेल्या. परत कुणीच आलं नाही. बाभळीच्या काट्याला सुताचं एक टोक मिळालं. लोक त्या धाग्यामागं निघाले, तीन दिवस चालले, पण धागा काही संपला नाही, असं म्हणतात.

आजही चिलारमाळावर खड्ड्याचा माग नाही. तिथले विणकर अंगणात, उघड्यावर विणतात आणि दुसऱ्या गावचे त्यांच्या सैल घोंगड्यांना हसतात. हसू देत. ते वेडंवाकडं घोंगडं देवळात असतं, पण देवाच्या अंगावर नसतं. ज्या घरात घात झाला असेल तिथं ते जातं आणि गरज असेल तोवर राहतं. आणि त्या घरातल्या माणसाला गावात कुणी काय झालं म्हणून विचारत नाही.

मागच्या उन्हाळ्यात चिलारमाळाच्या फाट्यावर एक बाई एसटीतून उतरली. कोण, कुठली, कुणालाच माहीत नाही. हातात पिशवी, एका पायात चप्पल. ती थांब्याभोवती फिरायला लागली, एक फेरी, दोन फेऱ्या, दहा. चहावाल्या सुबानानं थोडा वेळ पाहिलं. मग उकळी आलेला चहा तसाच उतरवला, स्टोव्ह बंद केला आणि टपरी उघडी टाकून तिच्या बाजूला गेला, चार हात अंतर ठेवून.

"कुठवर, बाई?"

"माहीत नाही," ती म्हणाली.

"बरं," सुबाना म्हणाला आणि तिच्यासोबत चालायला लागला.