पाठीवरची माती

कुसुरवाडीच्या तालमीत ज्यूदो शिकणाऱ्या पोरापोरींचे अंगरखे नीट बघा. पुढून पांढरेशुभ्र आणि पाठीवर हा एवढा तांबडा डाग. बाहेरगावची माणसं हसतात, म्हणतात, यांच्या घरी साबण नाही की काय? हसा बापडे. तो डाग धुवायचा नसतो, आणि का, ते या लिंबाखाली बसूनच ऐकायला हवं.

पन्नासेक वर्षं झाली असतील. गावात दौलू वस्ताद नावाचे पैलवान होते. अंगानं दांडगे, बोलायला मऊ. उभ्या आयुष्यात त्यांच्या पाठीला माती लागली नाही, असं सांगतात. जत्रेत पहिला फेटा त्यांना बांधत, तो एवढ्याचसाठी. मधली काही वर्षं ते पलटणीत गेले, तिथं ज्यूदो शिकले आणि परत आल्यावर तालमीत गवताच्या गाद्या घालून पोरांना शिकवू लागले.

ज्यूदोत पहिला धडा पडण्याचा. हनुवटी छातीला लावायची, पाठ गोल करायची आणि पडता पडता हात सपकन जमिनीवर आपटायचा, म्हणजे मार साऱ्या अंगावर वाटला जातो. पण ही पडली कुस्तीच्या गावची पोरं! पाठ टेकली की हरला, हे त्यांचं बाळकडू. फेकलं की कोपर रोवतील, तळहात रोवतील, पण पाठ टेकवतील तर शपथ. "अरे, पडा की रे सुखानं!" वस्ताद कडेला उभे राहून ओरडायचे. ऐकतंय कोण?

इंद्रा नावाची एकच मुलगी शिकायला यायची, सुताराची, बारा वर्षांची. सगळ्यांत हट्टी तीच. एक दिवस पडताना तिनं डावा हात मागं टेकला आणि मनगट काडकन मोडलं. वस्तादांनी स्वतः तिला उचलून दवाखान्याकडे धाव घेतली.

"पाठीवर पड म्हणून किती वेळा सांगितलं होतं गं?" ते वाटेत कळवळून म्हणाले.

पोर हुंदके देत म्हणाली, "तुम्ही तरी कुठं पडता, वस्ताद?"

पोरीचं खरंच होतं. पलटणीत ते रोज पडत होते, तिथं त्यांना ओळखत होतं कोण! गावात मात्र एकदाही नाही. नाव जाईल, फेटा जाईल, ही भीती. त्या भीतीपायी लेकराचं हाड मोडलं, हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं. पोरीचा हात बरा होईपर्यंत गादीवर पाय ठेवणार नाही, असा त्यांनी म्हणे पणच केला.

चैत्रात जत्रा भरली. तोवर इंद्राचा हात जुळला होता, जरा वाकडाच. सारा गाव या लिंबाभोवती बसलेला, पंच फेटा घेऊन उठले, तसे वस्ताद पांढऱ्या अंगरख्यात पुढं आले. "जरा थांबा," म्हणाले. "इंद्रे, ये इकडं. फेक मला."

पोरगी घाबरली. "वस्ताद, पाठ लागंल तुमची."

"लागू दे."

तिनं त्यांच्या काखेत हात घातला, कमरेवर घेतलं, आणि तो एवढा गडी धाडकन उताणा झाला. हलगी थांबली. म्हातारे पैलवान उघड उघड रडले, असं सांगतात. वस्ताद मात्र हसत उठले. इंद्रानं त्यांची पाठ झटकायला हात पुढं केला.

"झटकू नको. साऱ्यांना बघू दे, पडलो आणि उठलो. आता तू पड."

वस्तादांनी तिला फेकलं. तिनं हात मागं टेकला नाही. पाठीवर पडली आणि उठून उभी राहिली. मग एकेक पोर न बोलावता पुढं आलं. त्या वर्षी फेटा कुणालाच बांधला नाही, आणि वस्तादांनी पुन्हा कधी घेतलाही नाही.

आजही नवं पोर आलं की पहिल्या दिवशी शिकवणारा आधी स्वतः या मातीत पडतो आणि आपल्या पाठीची माती त्याच्या कोऱ्या अंगरख्याला लावतो. आता शिकवायला इंद्राबाईच आहेत, साठी उलटलेल्या. परवाच एका चिमुरडीनं त्यांना फेकलं आणि रडवेली होऊन विचारलं, "आजी, लागलं का हो?"

इंद्राबाईंनी आपलं वाकडं मनगट चोळलं.

"लागलं की. पण मोडलं नाही. ये, आता तुझी पाळी."