महिन्याची नोटीस

भाऊकाकांनी शब्द दिला की ‘का’ विचारायचं नाही, हा घरचा नियम. त्यांनी शाल्मलीचं लग्न ठरवलं होतं. तिला मात्र पार्सलं पोचवायचं कंत्राट हवं होतं. चिपळूणहून गुहागरकडे निघालेली पार्सलची गाडी वळणाआड जाईपर्यंत ती बघत राहायची.

घरच्या वडीलधाऱ्यांच्या बैठकीत काकांनी पार्सल कंपनीच्या करारावर बोट आपटलं. “राबायचं तू, नाव कंपनीचं, आणि महिन्याच्या नोटिशीवर हाकलणार! अशा कागदावर शहाणं माणूस सही करतं का?”

“काका, तुम्ही आणलेल्या स्थळातही राबायचं मीच, नाव त्यांचंच. हाकललं तर महिन्याची नोटीससुद्धा नाही! धोका पत्करायचाच, तर मी गाडीचा पत्करते. त्यांना माझा नकार कळवा.”

तिने काकांच्या बोटाखालून करार ओढून घेतला आणि सगळ्या वडीलधाऱ्यांदेखत सही केली.