हत्तीवरून उतरलेली राणी

एका राज्यात मोठ्या तळ्याच्या धरणाखाली नगर वसले होते. धरण एका मांत्रिकाने बांधले होते आणि पाथरवट त्याची निगा राखत. राणी मृगावती गादीवर बसली आणि आक्रीत घडले. खजिन्यातली मोहोर हाती पडली की पाथरवटाचे हात काम विसरत. छिन्नी कशी धरावी, तेही आठवेना. धरण पाझरू लागले. खाली सगळे नगर, राणीच्या डोळ्याला डोळा लागेना.

तिने तीन उपाय केले. मोहरा दुप्पट केल्या, तर हात दुप्पट वेगाने विसरले. सर्वांत सरस काम करणाऱ्याला नवलखा हार जाहीर केला, तर पाथरवट एकमेकांच्या छिन्न्या लपवू लागले. मग मोहराच बंद करून तिने भाटांकडून त्यांची स्तुती गाऊन घेतली. कोरड्या कौतुकाने चूल थोडीच पेटते? ज्यांचे हात शाबूत होते, तेही बिऱ्हाड उचलून चालते झाले. त्यांचे तरी काय चुकले?

धरणावरच्या उंबरात एक म्हातारी साळुंकी राहत असे. तिला माणसांची भाषा येई. राणी हत्तीवर बसून तिच्याकडे गेली.

“तुझ्या आजोबांनी मांत्रिकाची मजुरी हत्तीवरून फेकली,” साळुंकी म्हणाली. “पुरेपूर फेकली, पण खाली कोण उभे आहे ते पाहिले नाही. तो म्हणाला, ‘हे घर माझे हात विसरले. नातीच्या राज्यात या घराच्या मोहरांनी हात काम विसरतील.’”

“आणि उतारा?”

“तो खाली उतरल्यावर सापडेल.”

राणी ओशाळली. आजवर तीही हत्तीवरूनच मोहरा उधळत आली होती. रीतच होती तशी, आणि रीत कोण तपासतो? ती उतरली. पाय घोट्यापर्यंत चिखलात रुतले. समोर एक म्हातारा पाथरवट रिकामे हात घेऊन बसला होता.

“बाबा, नाव काय तुमचं?”

“धोंडजी.”

“यातला तुमचा चिरा कोणता?”

उभ्या हयातीत त्याला हे कोणी विचारले नव्हते. त्याचे डोळे भरून आले. त्याने बोटाने दाखवला. राणीने चिऱ्यावरून हात फिरवला, सांधा कसा बसवला ते विचारले, नीट ऐकले. मग मागच्या थकबाकीसकट पुरी मजुरी तिने दोन्ही हातांनी त्याच्या ओंजळीत ठेवली.

धोंडजीने मोहरा कनवटीला लावल्या, आणि त्याचा हात आपसूक छिन्नीकडे गेला.

“सरा बाईसाहेब,” तो म्हणाला. “शेजारचा चिरा सुटतोय. आधी पाचर ठोकू द्या.”

राणी निमूट बाजूला सरली. मग एकेकाकडे जाऊन तिने तेच केले, थकबाकी भागवायला नवलखा हारही मोडला. गेलेली बिऱ्हाडे परतली, पाझर थांबला.

त्या राज्यात मजुरीच्या दिवशी हत्ती अजून सजून येतो, पण पाठ रिकामी असते. राणी त्याच्यापुढे चिखलातून चालत येते.