पंख मिटण्याचा नियम

त्या तळ्याकाठच्या विद्यापीठात एकेचाळीस बगळे शिकवत आणि एक पाणकावळी.

बगळे काठावर उभं राहून मासा हेरायला शिकवत. काजळी, म्हणजे ती पाणकावळी, पिल्लांना बुडी मारायला शिकवी. प्रत्येक बुडीनंतर ती खडकावर पंख पसरून वाळवी. पाणकावळ्याच्या पंखांत पाणी मुरतं. ते न वाळवता पुन्हा उतरलं, तर वर येणं कठीण.

एका वर्षी राज्याचा हुकूम आला : इथे समानता नांदते का, प्रत्येकाला विचारा. कुलगुरू शुभ्रकंठानं सभा भरवली.

"मला तर भेदभाव कधी दिसला नाही," पहिला बगळा म्हणाला. उरलेल्या चाळिसांनाही दिसला नव्हता.

काजळी उठली. "अकरा वर्षं मी इथे शिकवते. मी पंख पसरले की तुम्ही पिल्लांना दूर नेता. मी अंगावर येते म्हणता."

"आम्ही रंग बघतच नाही," एक वृद्ध बगळी रडू लागली, "आणि हिनं आम्हालाच असं बोलावं!"

तिची समजूत काजळीलाच घालावी लागली.

शुभ्रकंठानं समिती नेमली. आठवड्यात नियम झाला : यापुढे आवारात कोणीच पंख पसरून बसणार नाही.

"पण तुम्ही पाण्यात उतरतच नाही," काजळी म्हणाली.

"तुला वेगळा नियम लावला, तर समानता कुठे राहिली?" शुभ्रकंठ मायेनं म्हणाला.

ती सोडून गेली असती; पण पिल्लांना अजून खोल पाण्यातून वर येणं जमत नव्हतं. पहिल्याच दिवशी तिनं तीन बुड्या मारल्या आणि पंख मिटून थरथरत उभी राहिली. इतक्यात टिबुकलीचं एक पिल्लू तळाच्या शेवाळात अडकलं. काजळी चौथ्यांदा उतरली. पिल्लू वर आलं. ती आली नाही.

पिल्लं किंचाळत राहिली. काठावर एकेचाळीस प्राध्यापक उभे होते. बुडी कोणालाच येत नव्हती.

शोकसभेत सगळे हळहळले. त्यानंतर पुन्हा विचारणा झाली, तेव्हा उत्तर एकमतानं आलं. राज्याचे पाहुणे खातरजमा करायला निघाल्याचा निरोप मिळाला, तशी समितीनं सर्वांत तरुण बगळ्याला बोलावलं, त्याला चोचीपासून शेपटीपर्यंत काळा चिखल फासला आणि पहिल्या रांगेत, मधोमध बसवलं. पाण्यापासून जरा दूर.