पॉलिमरेजरावांचं पहिलं अक्षर

माणूस जन्मायच्याही आधीची गोष्ट. एका पेशीत पॉलिमरेजराव नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, कामाला होतं. पेशीचे दोन भाग होण्याआधी डीएनएच्या लांबलचक दोऱ्याची नक्कल राव करत. चूक झाली तर स्वतःच मागे वळून खोडत. अडचण एकच. कोऱ्या जागी पहिलं अक्षर त्यांना लिहिता येत नसे. नक्कल तुकड्यातुकड्यांनी व्हायची; प्रत्येक तुकड्याआधी प्रायमेजबाई दहा कच्ची अक्षरं लिहून द्यायच्या, मग राव पुढे सुसाट सुटायचे.

"दहाच अक्षरं, तीही शेवटी खोडावी लागतात!" राव एकदा सगळ्यांसमोर म्हणाले. "या बाई हव्यातच कशाला?"

बाई उठून बाजूला बसल्या.

नकलेसाठी दोरा उसवून तयार झाला. राव ऐटीत पुढे आले आणि नुसतेच उभे राहिले.

"राव, लिहा ना! नक्कल झाली नाही तर मी मरेन," पेशी कळवळली.

राव खाकरले. "बाई, तुमची सवय मोडू नये म्हणून सांगतो. लिहा दहा अक्षरं."

बाईंनी लिहिली. नक्कल झाली. रीतीप्रमाणे बाईंची अक्षरं खोडून, मागच्या तुकड्याला जोडून लिहीत, तिथे रावांची आली, आणि सगळे तुकडे लायगेजमावशींनी सांधले.

"बघा, पहिल्यापासून माझंच अक्षर!" राव म्हणाले.

मावशींनी दोऱ्याचं टोक पुढे केलं. "इथे जोडून लिहायला मागे तुकडाच नाही, आणि बाईंची अक्षरं तर खोडलीत. मग तुमची कुठं आहेत?"

"मूळ दोराच तेवढा आखूड असणार," राव म्हणाले.

सगळ्यांनी माना डोलावल्या. तेव्हापासून पेशीच्या दर पिढीला दोरा थोडा आखूड होतो आणि रावांचं भाषण थोडं लांबतं.