रणपिसेशेठांचा परवाना

दलाल रणपिसेशेठ वारले, तरी एका जुन्या इमारतीतली घरं दाखवायचं काही सोडेनात. भर दुपारी जिन्यात गारठा पसरायचा, कुलूप आपोआप उघडायचं आणि गिऱ्हाईक धूम ठोकायचं. नव्या एजंट कुमुदचा धंदा बुडायची वेळ आली होती. आज ती गिऱ्हाईक घेऊन आली, तर धुरकट शेठ दार अडवून गरजले, "इथला एजंट मीच! सरकारी परवाना आहे माझ्याकडे!"

परीक्षा देऊन मिळवलेला आपला परवाना कुमुदने पुढे धरला.

"शेठ, तुमच्या परवान्याची मुदत संपलीय. नूतनीकरण करून घ्या. फक्त हयातीचा दाखला जोडा."

शेठ वाफेसारखे विरले.

कुमुदने सुस्कारा सोडला. तेवढ्यात मागे उभं असलेलं गिऱ्हाईक थंडगार आवाजात पुटपुटलं, "ताई, घर घ्यायलाही तो दाखला लागतो का हो?"